उपटलेली चोवीस

दीपिका : किती उपटलीत, नाना? नीट आठवून सांगा.

नाना : आठवायचं काय त्यात? चोवीस. मान टाकलेली, पानं लोंबलेली, तेवढीच काढली. बाकीची बघ कशी ताठ उभी आहेत. पिशव्यासुद्धा सरळ ओळीत लावल्या. झाडू मारला, पाणी मारलं. आता ही गच्ची गच्ची वाटते.

दीपिका : मी जाताना काय सांगून गेले होते? फक्त पाणी घाला. दुसरं काही करू नका.

नाना : मग पाणी घातलंच की. आणि काल नागपूरवरून फोन कोणी केला? तूच ना? ‘नाना, उद्या चार वाजता सुचित्रा मॅडम रोपं बघायला घरी येणार.’ म्हटलं, बाई पहिल्यांदा भोईवाड्यात येणार, नातीची गाइड, आणि तिच्यासमोर काय ठेवायचं? मेलेली झाडं? सकाळी सहालाच वर आलो.

दीपिका : मॅडम ती मेलेली झाडंच बघायला येतायत.

नाना : म्हाताऱ्याची चेष्टा करू नकोस.

दीपिका : चेष्टा नाही करत. खरंच सांगतेय. माझी पीएचडी कशावर आहे?

नाना : कापसावर. अख्ख्या बिल्डिंगला सांगितलंय मी. आजोबाच्या छातीत बारा वर्षं कापूस गेला, नात त्याच कापसावर डॉक्टर होणार.

जाईबाई : मलापण तेच सांगितलं होतं. दहा वेळा.

दीपिका : मोठी आजी, तू तरी थांबवायचंस ना त्यांना.

जाईबाई : मी कुठं होते गो तेव्हा? दूध आणायला गेलेले. तुमचं चालू दे. मी वाल सोलतेय.

दीपिका : नाना, इकडे बसा. रागावले नाहीये. म्हणजे रागावलेय, पण बसा. माझा विषय कापूस नाही, कापसाचा मर रोग आहे. मातीत एक बुरशी असते. ती मुळातून वर चढते आणि खोडातल्या पाण्याच्या बारीक नळ्या बुजवून टाकते. झाड उभ्या उभ्या वाळतं. ह्या सगळ्या पिशव्यांत मी तीच बुरशी घातलेली माती भरलीय. मुद्दाम.

नाना : मुद्दाम? रोज ‘नाना, माझी रोपं कशी आहेत’ म्हणून फोन करायचीस, आणि मुद्दाम आजारी पाडलंस?

दीपिका : तेच तर काम आहे. आजारी कोण पडतं आणि कोण पडत नाही, हे मोजायचं. बघा, एक देशी कापूस आहे, त्याला मर लागत नाही. दुसरा आहे, तो मर लागली की गेलाच. ह्या दोघांचं लग्न लावलं. ते आजी-आजोबा समजा. त्यांची पोरं सगळी टणक निघाली, एकालाही मर लागली नाही. मग त्या पोरांचं बी धरलं आणि पेरलं. ही त्यांची पोरं. म्हणजे नातवंडं. एकशे अठ्ठावीस नातवंडं.

नाना : मग?

दीपिका : नातवंडांत आजोबाचा कमकुवतपणा परत वर येतो. सगळ्यांत नाही, काहींत. किती जणांत येतो, त्यावर सगळं ठरतं. रोगाला अडवणारं जनुक जर एकच असेल, तर चारातलं एक रोप मरतं. पण दोन जनुकं मिळून अडवत असतील, तर सोळातली सात मरतात. जवळजवळ निम्मी.

नाना : दोन असली तर कमी मरायला हवीत. राखण करायला दोन जण असल्यावर?

दीपिका : राखण नाही. आपल्या गच्चीचं बघा. लोखंडी जाळीची चावी वेगळी आणि आतल्या दाराची वेगळी. एकीनं काम होतं?

नाना : छे. दोन्ही पाहिजेत. नाहीतर जिन्यातच उभं राहायचं.

दीपिका : तसंच. दोन्ही चाव्या हातात असलेलं रोप वाचतं. एकच असलेलंही मरतं, एकही नसलेलंही मरतं. म्हणून जास्त मरतात.

नाना : बरं. हे डोक्यात शिरलं. पण मग मी काय मोठं बिघडवलं? मेलेली चोवीस होती, मी काढली, तू लिही चोवीस मेली. संपलं.

दीपिका : संपलं नाही. मेली कशानं? पाणी कसं घातलंत, ते सांगा आधी.

नाना : तुझ्या मापानं. दिवसाआड एक पेला.

दीपिका : न चुकता?

नाना : दिवसाआड म्हटलं ना.

जाईबाई : भावजी, खरं सांगा.

नाना : मधे तीन-चार दिवस खंड पडला. तो धनेश, आपला सेक्रेटरी, जाळीची चावी खिशात घालून गावाला गेला. मी फोन करून करून थकलो. कुलूप तोडायला पण निघालेलो, वहिनींनी अडवलं. शुक्रवारी तो आला. वर येऊन बघतो तर मातीला भेगा. जीव तुटला गं. मग बादल्या भरभरून ओतल्या. म्हटलं, प्या बाबांनो.

दीपिका : बादल्या.

नाना : तहानलेल्याला पाणी पाजायचं नाही?

दीपिका : कपाशीला नाही, नाना. चार दिवस कोरडी ठेवून एकदम पाणी दिलं तर ती मान टाकते. बुरशी नसली तरी. अशीच, दोन दिवसांत. त्याला आकस्मिक मर म्हणतात. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. ह्या चोवीसातली किती बुरशीनं गेली आणि किती तुमच्या बादलीनं, मला कसं कळणार?

नाना : काहीतरी खूण असेल ना?

दीपिका : आहे. खोड आडवं कापायचं. आत काळपट रिंगण दिसलं तर बुरशी. स्वच्छ पांढरं असलं तर पाणी. दोन मिनिटांचं काम आहे.

नाना : मग काप की!

दीपिका : काय कापू? कुठायत ती?

नाना : खाली. ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

दीपिका : आणि गाडी?

नाना : गाडी सातला येते. येऊन गेली.

दीपिका : झालं.

नाना : मी डंपिंगला जाऊन बघू? ड्रायव्हर ओळखीचा आहे.

दीपिका : नको. बसा. छातीला हात लावून बसू नका, मला भीती वाटते. पाणी आणू?

नाना : काही नको. पाण्याचं नाव नको आता.

दीपिका : जरा विचार करू दे मला. नागपूरला जाण्याआधी चौतीस रोपं बुरशीनं गेली होती. ती मी स्वतः कापून बघितली, वहीत लिहिली. तो आकडा पक्का आहे. सगळी होती एकशे अठ्ठावीस. तुमची चोवीस पाण्यानं गेली असं धरून ती हिशोबातून काढली, तर राहिली एकशे चार. त्यात एक जनुक असेल तर सव्वीस मरायला हवीत. मेली चौतीस. ओढूनताणून बसतं. नाही असं नाही.

नाना : आणि ती चोवीस बुरशीनंच गेली असली तर?

दीपिका : तर अठ्ठावन्न. मग एक जनुक शक्यच नाही. दोन.

नाना : तुला कुठलं पाहिजे?

दीपिका : मला कुठलंही चालतं. मॅडमना एक पाहिजे. त्या चार वर्षं सांगतायत की ह्या वाणात एकच जनुक आहे. पुढच्या महिन्यातल्या परिषदेसाठी आमचा निबंध पाठवलासुद्धा, त्यात एकच लिहिलंय. खाली माझं नाव आहे. दोन निघालं, तर निबंध मागे घ्या, ह्या वाचलेल्या रोपांचं बी धरा, पुढची पिढी पेरा, परत मोजा. एक वर्ष गेलं. स्कॉलरशिप जूनला संपते.

नाना : आणि आता रोपंच नाहीत म्हटल्यावर?

दीपिका : आता रोपंच नाहीत म्हटल्यावर सोपं आहे. लिहायचं, चोवीस रोपं अतिपाण्यानं गेली, मोजणीतून वगळली. बादल्या ओतल्या हे तर खरं आहे. तुम्ही सांगालच. खोटं असं काहीच नाही त्यात.

नाना : मॅडमना पटेल?

दीपिका : हवं तेच मिळाल्यावर का नाही पटणार? कोण तपासायला येणार आहे? एका दृष्टीनं तुम्ही माझं भलंच केलंत.

नाना : नको लिहूस तसं.

दीपिका : का? तुम्हालाच वाटत होतं ना मॅडमना सगळं स्वच्छ दिसावं?

नाना : म्हणूनच म्हणतोय, नको लिहूस. ऐक. एकोणऐंशी साल. सोमवार होता. मिलमध्ये डॉक्टर येणार होता, सरकारी, छातीचा. आमचं कार्डिंग खातं. कापूस पिंजून निघतो तिथे. धूळ एवढी की समोरचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसायचा. आपली माणसं जास्त करून तिथेच. विणायच्या खात्यात आपल्याला घेत नव्हते, तुटलेला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा तिथे, आमच्या तोंडचा धागा चालत नव्हता.

दीपिका : हे सांगितलंय तुम्ही.

नाना : पुढचं नाही सांगितलं. डॉक्टर मुद्दाम सोमवारी आला. हुशार होता. रविवारी सुट्टी मिळाली की छाती जरा मोकळी व्हायची, आणि सोमवारी खात्यात पाय ठेवला की आवळून यायची. सोमवारी सगळ्यात जास्त खोकायचे लोक. तो एकेकाला नळीत फुंकायला लावणार, दम किती उरलाय ते लिहिणार. आकडा मोठा आला तर धूळ ओढणारे पंखे बसवावे लागणार होते. ज्यांचं जास्त झालंय त्यांना दुसरं खातं द्यावं लागणार होतं.

दीपिका : मग?

नाना : जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, सकाळी मला बाजूला घेतलं. मी बदलीवर होतो. रोज गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असलं तर हाक यायची, नाहीतर घरी. जॉबर म्हणाला, साहेब यायच्या आत खातं साफ पाहिजे. खोकणारे सगळे मागच्या दरवाजानं काढ. त्यांची हजेरी लागेल. आणि तुझं नाव मी कायमला लावतो.

दीपिका : काढलेत तुम्ही?

नाना : काढले. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आज घरी जा, आराम कर, हजेरी लागतेय. खूश होऊन गेले बिचारे. तेरा माणसं.

दीपिका : डॉक्टरला कळलं नाही?

नाना : कसं कळणार? त्याच्या समोर जेवढे आले तेवढे त्यानं नीट तपासले. सहा आजारी, असं लिहिलं. त्या कागदात एक अक्षर खोटं नव्हतं, दीपिका. सहासाठी कोण पंखे बसवतो? कुणाचं खातं बदललं नाही. ती तेरा माणसं मंगळवारी परत त्याच धुळीत उभी राहिली. पाच-सहा वर्षांत त्यातली निम्मी गेली. मी प्रत्येकाच्या मयताला गेलो. खांदा दिला. बोललो मात्र नाही कुणाला.

दीपिका : आणि तुम्ही कायम झालात?

नाना : झालो. तीन वर्षं पण नीट झाली नाहीत, संप आला. ते जाऊ दे. आज सकाळी मी तेच केलं बघ. साहेब येणार म्हटल्यावर हात आपोआप चालले. आजारी असेल ते आधी काढायचं, एवढंच शिकलोय मी. लाज वाटते.

दीपिका : तुम्हाला कुठे ठाऊक होतं, नाना. रोपंच होती ती.

नाना : ते तू माझी नात आहेस म्हणून म्हणतेस.

दीपिका : मोठे आजोबापण कार्डिंगलाच होते ना? बाबुराव आजोबा? त्यांना तपासलं होतं का त्या दिवशी?

नाना : दादा? दादा त्या दिवशी रजेवर होता.

जाईबाई : वाल झाले सोलून. खाली ठेवून येते.

दीपिका : मी नेते ना, आजी. गुडघे दुखतायत तुझे.

जाईबाई : लिफ्ट आहे. तू बस त्यांच्यापाशी.

(जाईबाई जातात. थोड्या वेळानं एका हातात विळी आणि दुसऱ्या हातात ओल्या गोणपाटाची लांबट गुंडाळी घेऊन परत येतात.)

जाईबाई : हे घे. विळी जपून धर, कालच धार लावलीय.

दीपिका : हे काय आहे? आजी! ही... नाना, ही बघा!

नाना : वहिनी, ही तर गाडीत गेली होती.

जाईबाई : गेली नव्हती. दूध घेऊन येत होते, डब्यात बघितलं, हिरवी पानं बाहेर आलेली. प्रत्येकाच्या खोडाला दोरा आणि दोऱ्याला चिठ्ठी. एकशे सात, अठ्ठ्याऐंशी, चाळीस. म्हटलं, पोरीनं एवढे नंबर घातलेत, कचऱ्याला कोण नंबर घालतं? काढून घेतली. ओल्या गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली ठेवली. चोवीस आहेत. मोजलीत मी.

दीपिका : मग तासभर इथे बसून वाल सोलत होतीस? मी इकडे रडायच्या बेतात, आणि तू बोलली नाहीस?

जाईबाई : बोलणारच होते. मग तुम्ही दोघं बोलायला लागलात. म्हटलं, कोण काय बोलतंय ते आधी ऐकू दे.

दीपिका : म्हणजे मी काय लिहिणार होते, तेपण ऐकलंस.

जाईबाई : ऐकलं. आता काप.

दीपिका : आता कापलं की आकडा माझ्या हातात राहत नाही, आजी. जो येईल तो.

जाईबाई : आकडा कधी कुणाच्या हातात असतो? तू कापतेस की मी कापू? मला विळीची सवय आहे.

दीपिका : तूच काप. मुळाच्या जरा वर, आडवं. नाना, वही घ्या. नंबर मी सांगते, तुम्ही लिहा. काळं असलं तर फुली, पांढरं असलं तर गोल.

नाना : मी लिहू? माझ्या अक्षरात?

दीपिका : तुमच्याच अक्षरात. एकशे सात. बघू, आजी. काळं.

नाना : एकशे सात. फुली.

दीपिका : अठ्ठ्याऐंशी. काळं. चाळीस. हेपण काळं. बघा नाना, हे रिंगण, पेन्सिलनं काढल्यासारखं. इथूनच पाणी वर जायचं थांबतं.

नाना : एवढंसं असतं होय. बाहेरून काहीच कळत नाही.

दीपिका : अकरा. पांढरं. हे तुमच्या बादलीचं.

नाना : अकरा. गोल. माफ कर रे बाबा.

जाईबाई : पुढचं द्या. चार वाजता बाई येईल.

दीपिका : बासष्ट, काळं. त्रेसष्ट, काळं. नव्वद... थांब, उजेडात धर. काळं. एकोणीस, पांढरं. एकशे पंचवीस, काळं.

नाना : जरा हळू. फुल्या काढायला वेळ लागतो.

दीपिका : बाकीची पण होऊ दे, मग एकदमच मोजू.

जाईबाई : हे शेवटचं. बोटभरच आहे.

दीपिका : तीन. काळं. आता मोजा नाना.

नाना : गोल पाच. फुल्या... सतरा, अठरा, एकोणीस. एकोणीस फुल्या.

दीपिका : चौतीस आणि एकोणीस, त्रेपन्न. पाच पाण्याची वगळली की एकशे तेवीसात त्रेपन्न. एक जनुक असतं तर तीस-एकतीस आली असती. दोनच आहेत, नाना. दोन चाव्या.

नाना : म्हणजे तुझं वर्ष गेलं.

दीपिका : गेलं. मला आत्ता खूप राग येतोय, पण कुणाचा ते कळत नाहीये. एक जनुक समजून कुणी ह्यावरून बियाणं तयार केलं असतं ना, तर एकच चावी देऊन शेतात पाठवलं असतं रोपांना. तिथे अशी आडवी पडली असती. तेव्हा कुणी विचारलं असतं, मोजलं कोणी होतं?

नाना : मॅडम ऐकतील?

दीपिका : आधी चिडतील. मग स्वतः खोड कापून बघतील. तशा सरळ आहेत. ही चोवीस मी इथेच ज्याच्या त्याच्या पिशवीवर मांडून ठेवते. पण एक आहे नाना. ही मधेच उपटली गेली, कोणी आणि का, ते लिहावं लागेल प्रबंधात.

नाना : लिही. ‘घरातील एका व्यक्तीने’ असं नको. माझं नाव घालून लिही. पूर्ण नाव. त्या वेळचं कुठे लिहिलं गेलं नाही, हे तरी लिहिलं जाऊ दे.

दीपिका : बरं. मी पिशव्या पहिल्या जागेवर लावते. तुमची ओळ मोडणार मी.

नाना : मोड.

जाईबाई : भावजी, एक विचारू?

नाना : विचारा, वहिनी.

जाईबाई : त्या सोमवारी मागच्या दरवाजानं किती जणांना काढलंत म्हणालात?

नाना : तेरा.

जाईबाई : त्या सोमवारी हे दहाच्या सुमाराला घरी आले. हातात डबा. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं. बोंबलाचं कालवण होतं. म्हणाले, आज भावानं सुट्टी दिली. हसत होते. दुपारी दोघांनी मिळून तो डबा खाल्ला. रजेवरचा माणूस डबा घेऊन जातो का?

नाना : वहिनी...

जाईबाई : भांडत नाही मी. भांडायचं असतं तर तेव्हाच भांडले असते. वही हातात आहे ना? परत मोजा.

नाना : चौदा. दादाला धरून चौदा.